डिस्प्ले गेला म्हणण्याआधी

“काका, डिस्प्ले गेला.”

जुलैतली रात्र. समोरचा डोंगर दिवसभर ढगात होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. शेजारचा मुलगा छत्री ओट्यावर टेकवून आत आला आणि पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते आईला स्वयंपाकघरातच कळावं म्हणून त्याने मे महिन्यात हे यंत्र जुळवलं होतं. एक आर्डुइनो उनो, टाकीच्या झाकणाला सेन्सर, आणि सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा निळा एलसीडी. त्या संध्याकाळी वीज गेली, तासाभराने आली, आणि तेव्हापासून वरच्या ओळीत सोळा पांढरे चौकोन. खालची ओळ कोरी.

“उद्या लॅमिंग्टन रोडला जातो, नवीनच आणतो.”

पळसदरीहून लॅमिंग्टन रोड म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. कर्जतनंतरचं हे पहिलं स्टेशन. इथून मुख्य लाइन घाटाकडे वळते आणि खोपोलीचा फाटा वेगळा होतो, त्यामुळे आपल्या वाट्याला येतात त्या फाट्यावरच्या मोजक्या लोकल. एक चुकली की कर्जतपर्यंत रिक्षा. मग दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. दीड-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी अख्खा दिवस. मी त्याला म्हटलं, गाडी सकाळची आहे ना? मग आपल्याकडे रात्र आहे.

त्याचा डिस्प्ले शाबूत निघाला. बोर्डाच्या ए४ पायात खोचलेल्या जंपर वायरचं टोक हिरवं पडलं होतं, बस, तेवढंच. पण खरी गंमत पुढे होती. दुसऱ्या दिवशी त्याची आई म्हणाली, “अहो, काल सकाळपासून ७४ च दाखवत होतं. मला वाटलं, पावसात पाणी कमी लागतंय.” म्हणजे वायर तुटली होती सकाळीच. एलसीडीला वीज मिळत राहिली की तो शेवटचा मजकूर धरून बसतो, नवीन काही येवो न येवो. वीज गेली, तेव्हा ते ७४ पुसलं गेलं आणि बिघाड डोळ्यांना दिसला. पोराने आळ घेतला विजेवर आणि डिस्प्लेवर. दोघांचाही काही संबंध नव्हता.

माझ्याकडे आजवर “गेलेले” म्हणून जे डिस्प्ले आले, त्यांतले खरोखर गेलेले फार थोडे. म्हणून नवीन मागवण्याआधी तासभर शांतपणे बसा आणि पुढच्या क्रमाने बघा.

आधी काहीही न उपटता पडदा नीट पाहा. एलसीडीवर एका ओळीत भरलेले चौकोन दिसत असतील तर ती चांगली बातमी आहे. वीज पोचली, काँट्रास्ट ठीक आहे, फक्त ‘जागा हो, दोन ओळींत लिही’ ही सुरुवातीची आज्ञा त्याला ऐकू आलेली नाही. दोष वायरीत, पत्त्यात किंवा प्रोग्रॅममध्ये शोधायचा. मागचा प्रकाश आहे पण अक्षर नाही, चौकोनही नाहीत, तर मागच्या छोट्या पट्टीवरचा निळा प्रीसेट स्क्रूड्रायव्हरने सावकाश फिरवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नवा एलसीडी पुष्कळदा प्रीसेट भलत्याच टोकाला असलेला येतो आणि पोरं तीन दिवस प्रोग्रॅम तपासत बसतात. प्रकाशच नसेल तर त्याच पट्टीच्या कडेला दोन पिनांवर बसवलेली काळी टोपी जागेवर आहे का बघा, आणि प्रोग्रॅममध्ये बॅकलाइट चालू करायची ओळ लिहिली आहे का तेही.

ओएलईडीचं तसं नाही. पाऊण-एक इंचाचा तो काळा चौकोन मागच्या प्रकाशाशिवाय चालतो, त्याचा एकेक ठिपका स्वतः पेटतो. त्यामुळे आज्ञा नाही मिळाली तर तो ठार काळा राहतो, आणि मेलेला डिस्प्लेही तसाच दिसतो. नुसतं बघून काही ठरवू नका. रंगीत टीएफटी पांढराफटक पडला असेल तर त्याचा मागचा दिवा लागला आहे पण चित्र काढणाऱ्या चिपला सुरुवातीच्या सूचना मिळालेल्या नाहीत. तिथे बहुतेक वेळा सीएस, डीसी किंवा रीसेटची वायर भलत्या पायात असते, नाहीतर लायब्ररीत चिपचं नाव चुकीचं निवडलेलं असतं. आयएलआय९३४१ आणि एसटी७७८९ हे पडदे दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याला चालत नाही.

आता वीज. मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या, डिस्प्ले नंतर. मोजायचं ते बोर्डाच्या पायावर नाही, डिस्प्लेच्या स्वतःच्या पायांवर. बोर्डावर ५ व्होल्ट आणि डिस्प्लेपाशी साडेतीन, हे ब्रेडबोर्डच्या ढिल्या भोकांमुळे सर्रास होतं. साध्या एलसीडीला ५ व्होल्ट लागतात. ३.३ वर मागचा दिवा मिणमिणता लागतो, अक्षरं मात्र उमटत नाहीत. ग्राउंड सगळ्यांचं एकच हवं. बोर्डाला मोबाइलच्या चार्जरवर आणि डिस्प्लेला दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरवर चालवत असाल तर दोन्हींची ग्राउंड वायर जोडलेली नसल्यास त्यांची भाषा एकमेकांना कळणारच नाही.

पायांच्या क्रमाकडे फार लक्ष द्या. चार पायांचे ओएलईडी दोन तऱ्हांनी येतात. एकात पहिला पाय ग्राउंड आणि दुसरा व्हीसीसी, दुसऱ्यात बरोबर उलटं. दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून देतो. जुना काढून नवा त्याच जागी खोचला आणि काच गरम झाली, तर तो डिस्प्ले मात्र खरंच गेला. पायावरचं नाव वाचल्याशिवाय वायर लावू नये. चष्मा असेल तर घाला, नाहीतर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

आणि सोल्डर. नव्या मॉड्यूलबरोबर पिनांची पट्टी सुटी येते. ती भोकांत नुसती खोचून, वर बोट दाबून धरलं की पडदा लागतो आणि बोट काढलं की जातो. असं होत असेल तर पुढचं काही वाचू नका, सोल्डरिंग गन तापवा. डाख चकचकीत आणि उतरत्या बाजूंचा हवा. मळकट गोळी दिसली तर तो ड्राय सोल्डर, पुन्हा मारा.

यूएसबीची वायरही संशयित असते. घरात पडलेल्या कित्येक वायरींतून फक्त चार्जिंग होतं, डेटाच्या तारा आत नसतातच. बोर्डाचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही. आपला नवा प्रोग्रॅम चढलेलाच नसतो आणि आपण डिस्प्लेला शिव्या देत बसतो.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर पत्ता शोधायचा. हे चार वायरींचे डिस्प्ले आयटूसी नावाच्या पद्धतीने बोलतात. फिलिप्स कंपनीने ती १९८२ मध्ये काढली, टीव्हीसारख्या यंत्राच्या पोटात शेजारी-शेजारी बसलेल्या चिपांना दोन तारांवर बोलता यावं म्हणून. एसडीएवरून मजकूर जातो, एससीएलवरून ताल. त्या दोन तारांवर अनेक जण बसू शकतात, म्हणून प्रत्येकाला एक नंबर असतो. आपला प्रोग्रॅम भलत्या नंबराला हाक मारत असेल तर कोणी ओ देत नाही. आर्डुइनोबरोबर येणाऱ्या उदाहरणांत किंवा नेटवर ‘आयटूसी स्कॅनर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो चढवा, सीरियल मॉनिटर उघडा. जो नंबर छापून येईल तो तुमच्या डिस्प्लेचा. एलसीडीच्या मागच्या पट्टीवर पीसीएफ८५७४ चिप असेल तर तो बहुधा ०एक्स२७ येतो, चिपच्या नावापुढे ‘ए’ असेल तर ०एक्स३एफ. पुस्तकातल्या प्रोग्रॅममध्ये एक लिहिलेला आणि तुमच्या हातात दुसरा, एवढ्यावरून मी माणसांना डिस्प्ले फेकताना पाहिलंय.

ओएलईडीच्या बाबतीत तर कारखानाच फसवतो. मागे ठसठशीत ०एक्स७८ छापलेलं असतं. ते प्रोग्रॅममध्ये लिहिलं तर काही चालत नाही, कारण छापलेला आकडा आठ बिटांचा आहे आणि आर्डुइनोला सात बिटांचा लागतो. ७८ चं निम्मं करा, सोळाच्या पाढ्याने, म्हणजे ०एक्स३सी. तोच खरा पत्ता.

स्कॅनरला कोणीच सापडलं नाही तर एसडीए आणि एससीएल उलटसुलट झालेत का बघा. त्याने काही जळत नाही, अदलाबदल करून पाहायला हरकत नाही. उनोवर ए४ एसडीए आणि ए५ एससीएल. ईएसपी३२ वर साधारणपणे २१ आणि २२. तिथे ३४ ते ३९ हे पाय फक्त ऐकतात, बोलत नाहीत, त्यांवर डिस्प्ले लावला तर कधीच चालणार नाही. नोडएमसीयूवर तर मोठाच घोळ आहे. बोर्डावर डी१, डी२ छापलंय आणि चिपच्या हिशेबाने ते पाय ५ आणि ४ नंबरचे. प्रोग्रॅममध्ये ‘डी’ गाळून नुसतं १ लिहिलंत तर तो पाय सीरियलचा निघतो आणि मॉनिटरही मुका होतो. मग माणूस म्हणतो, बोर्डही गेला!

ईएसपी३२ वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याचे पाय ३.३ व्होल्टचे आहेत. एलसीडी ५ वर चालवला की त्याच्या मागची पट्टी दोन्ही तारा ५ व्होल्टकडे ओढते. कित्येकांचं तसंच चालतं, पण भरवसा नाही. मध्ये लेव्हल शिफ्टर टाका, स्वस्त असतो.

स्कॅनरला नंबर सापडला आणि तरी पडदा कोरा, तर मग प्रोग्रॅमकडे वळा. इथे मला एका लायब्ररीबद्दल तक्रार आहे. एसएसडी१३०६ साठी सगळे जी अ‍ॅडाफ्रूटची लायब्ररी वापरतात, तिची ‘बिगिन’ आज्ञा यशस्वी झाली असं सांगते तेव्हा तिने फक्त मेमरी मिळाली का एवढंच तपासलेलं असतं. डिस्प्ले जोडलेला आहे की नाही याची ती चौकशीच करत नाही. म्हणून त्या उत्तरावर विसंबू नका. ‘अ‍ॅलोकेशन फेल्ड’ असा निरोप आला तर मात्र तो खरा. १२८ बाय ६४ ठिपक्यांच्या पडद्याचं चित्र साठवायला १०२४ बाइट लागतात आणि उनोकडे सगळी मिळून २०४८. तुमच्या लांबलचक वाक्यांनी उरलेली खाल्ली की चित्राला जागा नाही. वाक्यं ‘एफ’च्या कंसात टाकून फ्लॅशमध्ये ठेवा, किंवा पडदा तुकड्यातुकड्याने रंगवणारी यू८जी२ लायब्ररी घ्या. आणि शेवटी ‘डिस्प्ले.डिस्प्ले()’ लिहायला विसरू नका. त्याशिवाय काढलेलं सगळं मेमरीतच राहतं.

सव्वा इंचापेक्षा मोठा ओएलईडी असेल, चित्र दोन ठिपके सरकलेलं असेल आणि कडेला मुंग्या आल्यासारखी उभी पट्टी दिसत असेल, तर आतली चिप एसएच११०६ आहे. तिच्या मेमरीत १३२ रांगा, पडद्यावर १२८. लायब्ररी बदला, पट्टी जाईल.

आपल्या पोराच्या यंत्रात आणखी एक भूत निघालं. टाकी भरून १०० झाली आणि पाणी थोडं उतरलं की पडद्यावर ९९० दिसे! एलसीडी जुनं अक्षर स्वतःहून पुसत नाही. १०० वर ९९ लिहिलं तर तिसऱ्या जागेवरचं शून्य तिथेच राहतं. आकड्यामागे दोन रिकाम्या जागा छापल्या की काम झालं. दर वेळी सगळा पडदा पुसणं हा उपाय नव्हे, त्याने अक्षरं लुकलुकतात.

पडद्यावर मराठी लिहायची हौस सगळ्यांना असते, असावीच. पण एलसीडीला ‘पाऊस’ असं थेट लिहून पाठवलंत तर अगम्य चिन्हांची रांग उमटते आणि माणसाला वाटतं, बिघडला. बिघडलेला नसतो. कॉम्प्युटर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत पाठवतो. ‘पाऊस’मधला प, काना, ऊ आणि स मिळून बारा बाइट. एलसीडी प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतो, आणि त्याच्या पोटातल्या तक्त्यात इंग्रजीशिवाय आहेत ती बहुतेक जपानी अक्षरं. त्यात दर तिसऱ्या जागी ग्रीक अल्फा दिसला तर खुशाल समजा की देवनागरीच आली आहे. एलसीडीत स्वतःची आठ अक्षरं घडवता येतात, पाच बाय आठ ठिपक्यांची. ‘टाकी’ एवढा शब्द त्यात बसवता येतो, जोडाक्षरांच्या वाटेला जाऊ नका. ओएलईडीवर सोपं आहे. शब्द कॉम्प्युटरवर लिहा, त्याचं काळं-पांढरं चित्र करा आणि चित्र म्हणून पाठवा.

मोटारीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे असली यंत्रं शेवटी पाण्याच्या मोटारीलाच जोडली जातात. सगळं नीट चालतं, रिले टक करून बसतो, मोटार सुरू होते, आणि पडद्यावर कचरा. किंवा मोटार बंद होताना. बोर्ड मात्र चालूच असतो, सीरियल मॉनिटरवर आकडे बरोबर येत राहतात. याचं कारण असं की एलसीडीला प्रत्येक अक्षर दोन अर्ध्या तुकड्यांत जातं. मोटारीच्या वेटोळ्यातून उठलेल्या धक्क्याने एक खोटा तुकडा मध्ये घुसला की पुढची सगळी जोडणी एकाने सरकते, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेल्यासारखी. आपोआप सुधारत नाही. उपाय तिन्ही करावेत. डिस्प्लेच्या वायरी मोटारीच्या वायरींपासून दूर आणि आखूड ठेवा. रिलेला आणि बोर्डाला वेगवेगळा पुरवठा द्या, उघडा रिले असेल तर त्याच्या कॉइलवर उलटा डायोड टाका. आणि मोटार चालू-बंद झाल्यावर सेकंदभराने प्रोग्रॅममधून एलसीडीला पुन्हा सुरुवातीची आज्ञा द्या. तिसरा उपाय म्हणजे लबाडी आहे हे मान्य, पण तो लागू पडतो. रिलेच्या मोटारीकडच्या बाजूला २३० व्होल्ट असतात. मेन स्विच पाडल्याशिवाय डब्यात बोट घालायचं नाही, घाई असली तरी.

डिस्प्ले आणि बोर्ड यांच्यात लांब वायर टाकू नका. गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत आयटूसी न्यायचा प्रयत्न बरेच जण करतात. तारा जितक्या लांब, तितका त्यांचा स्वतःचा कपॅसिटन्स वाढतो, आणि या पद्धतीला जास्तीत जास्त ४०० पिकोफॅराड चालतात. वीत-दोन वीत ठीक, फार तर हातभर. लांब न्यायची ती सेन्सरची वायर, किंवा दोन बोर्ड घेऊन वायफायने बोला.

वायफाय सुरू होतानाच ईएसपी३२ रीस्टार्ट होत असेल आणि मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’ हा शब्द येत असेल तर पुरवठा अपुरा आहे. वायफायला त्या क्षणी एकदम जास्त करंट लागतो. कर्जतला घाट चढायच्या आधी गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, तसा बोर्डाच्या पुरवठ्याच्या पायांवर १०० मायक्रोफॅराडचा एक कपॅसिटर लावा. मोठा पाय पॉझिटिव्हला.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल्या लागतात, तिथे ब्रेडबोर्डच्या पत्र्याची काय कथा. पक्कं यंत्र ब्रेडबोर्डवर ठेवूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात चाचणी ब्रेडबोर्डवर करा आणि पहिल्या पावसाआधी वायरी सोल्डर करून झीरो पीसीबीवर घ्या. सोल्डरनंतर उरलेला चिकट फ्लक्स ओल धरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा. डब्याला वायरींची भोकं खालच्या बाजूला पाडा, आणि वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाशी गळून पडतो. आत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका, तिचा जोर संपला की बदला. सकाळी काचेच्या आतून वाफ दिसली तर यंत्र चालू करू नका, झाकण उघडून पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको.

उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. खिडकीत उन्हात ठेवलेला एलसीडी दुपारी काळवंडतो. त्यालाही गेला समजू नका, सावलीत आणा, गार झाला की अक्षरं परत येतात. ओएलईडीला उन्हापेक्षा एकसारख्या चित्राचा त्रास जास्त. ‘टाकी’ हा शब्द वर्षभर त्याच जागी जळत राहिला तर तिथले ठिपके मंद होतात आणि ते भरून येत नाहीत. बटण दाबल्यावर अर्धं मिनिट पेटेल, अशी सोय करा.

एवढं सगळं करून पडदा कोराच राहिला तर शेवटची कसोटी. सेन्सर, रिले सगळं सोडवा. दुसरा बोर्ड, नव्या चार वायरी आणि लायब्ररीबरोबर आलेलं मूळ उदाहरण, त्यात आपली एकही ओळ नाही. तिथेही ओ देत नसेल, किंवा काचेला कोपऱ्यात केसासारखी चीर गेली असेल, किंवा काही आडव्या-उभ्या ओळी कायमच्या गायब असतील, तर डिस्प्ले गेला. आता लोकल पकडायला हरकत नाही.

निघताना जुना डिस्प्ले खिशात ठेवा. चिठ्ठीवर चिपचं नाव, पडद्याचे ठिपके, किती पाय, आणि व्होल्ट लिहून न्या. काउंटरवर नवा हातात आला की दोघांना शेजारी ठेवून पायांचा क्रम ताडून बघा. आणि एकाच्या ऐवजी दोन घ्या.